‘नोकरी नको’ म्हणणाऱ्याचे नेमके म्हणणे काय?

घरपोच जेवण आणि किराणा आणून देणाऱ्या कामगारांना कायद्याने कर्मचारी मानावे की नाही, या वादात हुकमाचे एक पान ठरलेले आहे: त्यांनाच विचारा, त्यांना नोकरी नकोच आहे. कंपन्या हे पान टाकतात, त्यांची बाजू मांडणारे अर्थतज्ज्ञ टाकतात, आणि ज्यांच्या दाराशी दिवसाआड एखादी पिशवी येते असे माझ्यासारखे मध्यमवर्गीयही मनाची टोचणी कमी व्हावी म्हणून टाकतात. हे पान खोटे असते तर प्रश्न सोपा होता; पण मी ज्यांना ज्यांना विचारले, त्यांतल्या बहुतेकांनी नोकरीला खरोखरच नकार दिला. माझा आक्षेप त्यांच्या उत्तरावर नाही, त्या उत्तराचा जो सोयीचा अर्थ लावला जातो त्यावर आहे.

पुण्यात कर्वेनगरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक डार्क स्टोअर आहे, म्हणजे फक्त ॲपवरच्या ऑर्डरींसाठी चालणारे किराणा कोठार. बाहेर पाटी नाही, शटर कायम अर्धे खाली, आणि समोरच्या कडुनिंबाखाली दुपारी चारच्या सुमारास आठ-दहा दुचाक्या उभ्या. मुले सीटवर आडवी होऊन, हँडलवर पाय टाकून मोबाइलकडे पाहत असतात. कोणाच्याही फोनवर ऑर्डरची घंटी वाजली की सगळ्यांच्या माना एकदम वळतात. येता-जाता थांबून त्यांतल्या दोघांशी माझी ओळख वाढली. एक बीडकडचा, वय २७, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करणारा. दिवसभर अभ्यासिका आणि सुटीच्या दिवशी दुपारपासून, एरवी संध्याकाळी सहा ते अकरा ऑर्डर. दुसरा चौतिशीचा, बायको आणि दोन मुलांचा संसार असलेला; तो गेली तीन वर्षे दिवसाला अकरा-बारा तास फक्त हेच काम करतो. दोघांनाही मी नोकरीचे विचारले आणि दोघांनीही ‘नोकरी नको, काका’ असेच सांगितले. पाहणी करणाऱ्याच्या तक्त्यात ही दोन उत्तरे एकाच रकान्यात पडली असती.

पहिल्याचे कारण सरळ आहे. पूर्वपरीक्षेच्या आधी दीड महिना तो ॲप उघडतही नाही, आणि अशी मुभा देणारा मालक त्याला कुठे मिळणार? दुसऱ्याचे कारण ऐकायला मात्र बराच वेळ लागला. तो आधी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला होता. सात महिने भरत आले की ब्रेक, मग नव्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा भरती. हा ब्रेक कशासाठी असतो हे औद्योगिक वसाहतीत पोरासोरांनाही ठाऊक असते: बारा महिन्यांत २४० दिवस भरले तर आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे, म्हणजे कारखान्यातल्या सेवाशर्तींच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे, कायम होण्याचा हक्क लागतो, म्हणून ते भरूच द्यायचे नाहीत. ठेकेदार बदलला तसा त्याचा भविष्य निर्वाह निधीचा क्रमांकही बदलला, आणि पहिल्या खात्यातले पैसे आजतागायत निघालेले नाहीत. पगारातून कापले गेले एवढे मात्र त्याला पक्के आठवते. बहिणीच्या साखरपुड्याला एक दिवस दांडी मारली म्हणून दोन दिवसांचे पैसे गेले. त्याने नाकारली ती ही नोकरी. कामगार कायद्याच्या पुस्तकातली, आठ तासांची, भरपगारी रजेची, ग्रॅच्युइटीची नोकरी त्याच्यापुढे कोणी कधी ठेवलेलीच नाही. तिच्याबद्दल त्याचे काय मत आहे, हे त्याच्या नकारावरून कसे काढता येईल?

कामगारांचा कल मोजताना ही चूक सर्रास होते. ताटात दोनच पदार्थ असतील तर माणूस त्यातला बरा उचलतो. तेवढ्यावरून त्याची आवड ठरत नाही, ताट कसले वाढले आहे एवढेच कळते. महाराष्ट्रातल्या कमी शिकलेल्या तरुणापुढे आज एका बाजूला ठेकेदाराची ‘कंपनी’ आहे आणि दुसऱ्या बाजूला ॲप. ॲपमध्ये निदान मुकादमाची शिवी नाही, गावाला जायचे तर कोणाची परवानगी नाही, आणि पैसे आठवड्याला खात्यात येतात. या तीन गोष्टींची किंमत ज्याला कळत नाही, त्याने कधी कंत्राटावर काम केलेले नाही. त्यामुळे ‘त्यांना स्वातंत्र्य हवे आहे’ हे वाक्य मी कधीच हसण्यावारी नेत नाही.

पण नोकरीचा प्रश्न बाजूला ठेवून मी दुसरा प्रश्न विचारला: या कामात एक गोष्ट बदलायची झाली तर कोणती? यावर विमा, पेन्शन, दर्जा यांतले काहीही त्यांच्या तोंडून आले नाही. चौतिशीचा गृहस्थ म्हणाला, ‘रेट सांगून बदला.’ एका सकाळी उठून ॲप उघडले तर नवे रेट कार्ड. तेवढ्याच अंतराला आधीपेक्षा कमी पैसे आणि इन्सेंटिव्हसाठी तीन ऑर्डर जास्त. कोणी विचारले नाही, कोणी कळवले नाही. बीडच्या मुलाची मागणी वेगळी होती. पार्सल मिळाले नाही अशी कोणा ग्राहकाने तक्रार केली आणि त्याचा आयडी, म्हणजे ज्यावरून काम मिळते ते ॲपवरचे खाते, बंद झाला. त्याच्याकडे दाराशी ठेवलेल्या पिशवीचा फोटो होता. तो दाखवायचा कोणाला? चॅटवर ठरावीक उत्तरे येत राहिली, टीएल (टीम लीडर) फोन उचलेना, आणि चार दिवसांनी आयडी जसा बंद झाला तसाच आपोआप सुरू झाला. ते चार दिवस सांगताना त्याने वापरलेले शब्द मी घरी येऊन लिहून ठेवले: ‘मला कामावरून काढलं होतं.’ नोकरी नको म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी हे शब्द आपसूक येतात, कारण त्याच्यावर गुदरलेल्या प्रसंगाला मराठीत दुसरे नावच नाही. ज्याला कामावर ठेवलेलेच नाही त्याला कामावरून काढता कसे येते, याचे उत्तर कंपनीच्या करारनाम्यात सापडणार नाही.

करारनाम्यात त्याला ‘पार्टनर’ म्हटलेले असते. भागीदार या शब्दाचा खरा अर्थ पाहायचा तर मुंबईच्या डबेवाल्याकडे पाहावे. मावळ, जुन्नर, खेडकडून आलेल्या या माणसांचा स्वतःचा गट असतो, गिऱ्हाईक गटाचे असते, डब्याचा दर गट ठरवतो आणि महिन्याच्या हिशेबात प्रत्येकाला सारखी वाटणी मिळते. तिथे मुकादमही डबाच वाहतो. ॲपवरच्या पार्टनरला गिऱ्हाइकाचा फोन नंबरही दिसत नाही, दर त्याच्या हातात नाही, ऑर्डर नाकारली तर इन्सेंटिव्ह जाते आणि नफ्यात वाटा तर कोणी काढलेलाच नाही. गाडी, पेट्रोल, मोबाइल आणि अपघाताची जोखीम एवढ्यापुरतीच काय ती भागीदारी.

आता कोणी म्हणेल की मग सरळ कायद्याने त्यांना कर्मचारी ठरवा आणि मोकळे व्हा. कायद्याच्या दृष्टीने ही मागणी मुळीच पोरकट नाही. कामाची वेळ आपली, मजुरी नगावर, तरी माणूस कामगारच, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्यात म्हटले आहे. त्या दुकानातले शिंपी हवे तेव्हा येत, हवे तेव्हा जात, काही जण काम घरीही नेत. पण शिवण पसंत नसेल तर ती नाकारण्याचा आणि उसवून पुन्हा शिवायला लावण्याचा अधिकार मालकाकडे होता, आणि न्यायालयाने त्याला मोठे वजन दिले. रेटिंगच्या तारका मोजून काम देणारी किंवा बंद करणारी यंत्रणा या शिंप्यांच्या मालकापेक्षा कितीतरी अधिक पकड ठेवून आहे. उलट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये डेलिव्हरू या घरपोच जेवण देणाऱ्या कंपनीच्या रायडरांना कामगार मानले नाही, त्याचे प्रमुख कारण असे की त्यांना आपल्या जागी दुसऱ्या कोणालाही पाठवण्याची खरीखुरी मोकळीक होती. आपल्याकडे भावाला आयडी दिला तर सेल्फी तपासणीत पकडला जाऊन तो बंद होतो. म्हणजे ब्रिटनमध्ये रायडरांच्या विरुद्ध गेलेली कसोटी इथे लावली तर ती त्यांच्या बाजूनेच जाईल.

तरीही केवळ ‘कर्मचारी’ हा शिक्का मारून भागेल असे मला वाटत नाही. स्पेनने २०२१ मध्ये रायडर कायदा करून अशा कामगारांना कर्मचारी गृहीत धरले. त्याच वर्षी डेलिव्हरूने तिथून गाशा गुंडाळला आणि ग्लोवो या तशाच दुसऱ्या कंपनीने स्वतंत्र रायडरांची पद्धत पुढची तीन वर्षे रेटून नेली, कर्मचारी नेमण्याची घोषणा केली ती डिसेंबर २०२४ मध्ये. आपल्याकडे असा कायदा आला तर त्याचे पुढे काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. मध्ये ठेकेदार येईल. कंपनी म्हणेल, रायडर आमचे नाहीत, अमुक एंटरप्रायझेसचे आहेत. सात महिन्यांनी ब्रेक येईल, पाळ्या येतील, आणि चाकणहून पळालेला माणूस फिरून चाकणलाच पोहोचेल. ‘नोकरी नको’ या नकारात ही भीती आहे, आणि ती अनुभवातून आलेली आहे. संघटनांनी तिला कंपन्यांच्या प्रचाराचा परिणाम म्हणून झटकून टाकू नये.

मग संरक्षण सोडून द्यायचे का? इथेच मला या वादातली सगळ्यात मोठी फसगत दिसते. संरक्षण हवे असेल तर नोकरी घ्या, स्वातंत्र्य हवे असेल तर संरक्षण विसरा, अशी जी जोडी आपल्यासमोर ठेवली जाते, ती निदान महाराष्ट्राने तरी मान्य करायला नको. सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. पान-तंबाखू आणायची, स्वयंपाकपाणी सांभाळून जमेल तेव्हा विड्या वळायच्या, वळलेला माल नेऊन द्यायचा आणि हजारी दराने मजुरी घ्यायची. वेळेचे बंधन नाही, डोक्यावर मुकादम उभा नाही. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने या घरखटल्यातल्या बायकांना आपल्या कक्षेत घेतले, आणि भविष्य निर्वाह निधी त्यांनाही लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केले. त्यांची फसवणूक थांबली असे नाही. माल नापास करून मजुरी बुडवण्याच्या तक्रारी जुन्याच आहेत. पण जमेल तेव्हा काम आणि नावावर फंड, या दोन गोष्टी एका घरात नांदू शकतात, हे ॲप जन्माला येण्याच्या कितीतरी आधी ठरून गेले होते.

त्याहून जवळचा दाखला माथाडींचा. मशीद बंदरच्या धान्य बाजारात क्विंटलभराचे पोते डोक्यावर वाहणारा सातारा-सांगलीकडचा हमाल सकाळी एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर आणि दुपारी दुसऱ्याच्या गाळ्यावर असे. मजुरी पोत्यावर. त्याला विचारले तर तो कोणाचाच नोकर नव्हता, आणि व्यापाऱ्याला विचारले तर तो कोणाचाच मालक नव्हता. ‘हा टोळीचा माणूस, आमचा नव्हे’ एवढे म्हणून तो हात झटकू शके. आज कंपन्या करतात तो युक्तिवाद जवळपास शब्दशः हाच आहे. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या लढ्यानंतर १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला, आणि त्यात मालक कोण या प्रश्नाची गाठ सोडवत बसण्याऐवजी तिला वळसा घातला. हमालांची नोंदणी मंडळाकडे, व्यापाऱ्यांची नोंदणीही मंडळाकडे. व्यापाऱ्याने कामाची मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम, मंडळात भरायची. मजुरी कामगाराला मिळते आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, बोनस, दवाखाना. मंडळावर कामगार, मालक आणि सरकार अशा तिघांचे प्रतिनिधी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाहणावळीचा दर कोणा एकट्या व्यापाऱ्याने सकाळी उठून बदलायची सोय राहिली नाही. हमाल टोळीतच राहिला, कोणाचा नोकर झाला नाही, आणि म्हातारपणी गावी गेला तो हातात काही घेऊन.

या मापाने २०२० ची केंद्रीय सामाजिक सुरक्षा संहिता पाहिली की तिचा तोकडेपणा उघडा पडतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली आणि गिग (सुट्या कामांवर जगणारे) व प्लॅटफॉर्म (ॲपवरून काम मिळणारे) कामगार हे शब्द देशाच्या कायद्यात प्रथमच आले, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याण निधीत भरायची आहे. डिसेंबर २०२५ च्या मसुदा नियमांत लाभासाठी एका कंपनीकडे वर्षात ९० दिवस किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस कामाची अट आहे. पण कंपनीच्या या भरण्यावर एक वरची मर्यादाही आहे: कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त नाही. म्हणजे एका ऑर्डरचे ४० रुपये रायडरला मिळत असतील तर जास्तीत जास्त २ रुपये. माथाडीची लेव्ही अनेक मंडळांत मजुरीच्या ३० टक्क्यांच्या वर आहे. तो हिशेब लावला तर याच ऑर्डरवर १२ रुपये होतात. पाच टक्क्यांच्या पैशात अपघात विमा निघेल, म्हातारपण निघणार नाही.

आणि पैशांपेक्षाही मोठी उणीव दुसरी आहे. कडुनिंबाखालच्या दोघांनी ज्या दोन गोष्टी मागितल्या, दर आणि आयडी, त्यांविषयी ही संहिता काही बोलत नाही. किमान वेतनाची संहिता कर्मचाऱ्यांसाठी आहे आणि गिग कामगाराची व्याख्याच मुळी पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेरचा अशी केलेली आहे. कॅलिफोर्नियात २०२० च्या सार्वमताने मंजूर झालेल्या प्रस्ताव २२ या कायद्यात ॲपवरच्या चालकांना किमान वेतनाच्या १२० टक्क्यांची हमी आहे खरी, पण ती ऑर्डर स्वीकारल्यापासून पोहोचवेपर्यंतच्या वेळेपुरती. ऑर्डरची वाट पाहण्याचा वेळ त्यात धरलेला नाही. आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाखाली रोज जे तास जातात, ते सगळे याच हिशेबाबाहेरच्या खात्यातले. भारतात या बाबतीत कर्नाटकाने थोडे पुढचे पाऊल टाकले आहे. तिथल्या २०२५ च्या कायद्यात प्रत्येक व्यवहारातल्या कामगाराच्या मोबदल्यावर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क आहे, शिवाय आयडी कायमचा बंद करायचा तर कारण देऊन १४ दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. राजस्थानाने कायदा केला तो २०२३ मध्येच. माथाडी कायदा ज्याच्या घरचा, त्या महाराष्ट्राने या रांगेत सर्वांच्या पुढे असायला हवे होते.

खर्चाचा मुद्दा येतोच: लेव्ही लावली तर ऑर्डर महागेल, मागणी घटेल, आणि शेवटी कामगाराचेच काम जाईल. या भाकिताची एक चाचणी कंपन्यांनी स्वतःच घेऊन झाली आहे. जेवण पोहोचवणाऱ्या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२३ मध्ये प्रत्येक ऑर्डरवर २ रुपयांची प्लॅटफॉर्म फी सुरू केली आणि २०२५ पर्यंत ती १० रुपयांच्या वर नेली. गिऱ्हाइकाने कुरकुर केली आणि बिर्याणी मागवली. तेवढेच पैसे माथाडी मंडळासारख्या एखाद्या मंडळात गेले असते तर बाजार कोसळला असता, हे मला पटवून घेता येत नाही. अर्धवेळ काम करणाऱ्यांचे यात काय, असेही विचारले जाते. लेव्ही ऑर्डरवर असली की हा प्रश्न उरत नाही. ज्याने पाच ऑर्डर केल्या त्याच्या नावावर पाचांचे पैसे, ज्याने पंचवीस केल्या त्याच्या नावावर पंचवीसचे, मग त्या एका ॲपवर असोत की तीन.

माथाडी मंडळांचे मी गोडवे गातो आहे असे कोणाला वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. बोगस टोळ्यांनी माथाडीच्या नावाखाली कारखानदारांकडून खंडणी उकळल्याच्या तक्रारी विधिमंडळापर्यंत गेल्या आहेत, नोंदणीवर काही ठिकाणी मूठभरांची मक्तेदारी झाली आणि मंडळांच्या ठेवी किती, त्या कोणाच्या कामी येतात, यावरही वाद झाले. पण हे दोष मंडळ चालवण्यातले आहेत, लेव्हीच्या कल्पनेतले नाहीत. आणि गंमत म्हणजे ॲपच्या धंद्यात ते टाळणे सोपे आहे. कोणी किती पोती उचलली याचा वाद बाजारात रोज होई. इथे प्रत्येक ऑर्डरची वेळ, अंतर, रक्कम आणि ती नेणारा माणूस यांची नोंद कंपनीच्याच संगणकात सेकंदापर्यंत असते. बोगस नोंदणीला जागाच नाही. फक्त ती नोंद मंडळालाही पाहता आली पाहिजे, आणि कंपन्यांचा खरा विरोध टक्क्यांपेक्षा या पाहण्यालाच होईल असा माझा होरा आहे.

गेल्या आठवड्यात मी हे सगळे बीडच्या मुलाला सांगत होतो. माथाडी म्हणताच तो म्हणाला, ‘१९६९. परीक्षेला येतं ते.’ वर्ष त्याला तोंडपाठ होते. तो कायदा आपल्यासारख्यालाही लागू पडू शकेल हे मात्र कधी डोक्यात आले नव्हते, कारण नोट्समध्ये तो हमालांच्या मथळ्याखाली होता. चौतिशीचा गृहस्थ शेजारच्या गाडीवर बसून ऐकत होता. त्याचा पाय गेल्या श्रावणात घसरून मोडला होता आणि विम्याची कागदपत्रे जमवता जमवता हाड जुळून आले होते, त्यामुळे कल्याण निधी या शब्दावर त्याचा फारसा भरवसा नाही. त्याने एकच विचारले, ‘ही लेव्ही आमच्या पैशातून कापणार की वरून?’ वरून, मी म्हणालो. माथाडीत व्यापारी मजुरीच्या वर भरतो. ‘मग तेवढं कायद्यात लिहून घ्या,’ तो म्हणाला, ‘नाहीतर रेट कार्डात वळतं करतील.’ तेवढ्यात त्याच्या फोनवर घंटी वाजली.